कातीचं तोंड कुठे, शेपूट कुठे?

पाऊस सुरू झाला की या सदराच्या टपालाचा विषय बदलतो. उन्हाळ्यात पाली आणि गांधीलमाश्या, जून उजाडला की साप. या वेळी पाच पत्रं एकाच गोष्टीबद्दल आली आणि एका खोक्यात तर ती गोष्टच घडी घालून पाठवलेली होती: सापाची कात. म्हणून सगळं पान कातीलाच देते आहे. मी तीस वर्षं एका महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. त्यातली सव्वीस वर्षं कामाच्या आधी आणि नंतर पुण्यातल्या घरांतून, गोठ्यांतून, पार्किंगमधून साप सोडवत फिरले. धनकवडीच्या माझ्या घरी पत्र्याच्या एका पेटीत तारखा घातलेल्या काती आहेत. सांगते आहे ते बरंचसं त्या पेटीतलंच आहे.

प्रश्न : धायरीला आमचं बैठं घर आहे. मागच्या अंगणात धुण्याच्या दगडापाशी चार हात लांब कात सापडली. सासूबाई म्हणतात, हा नाग आहे आणि तो घराची राखण करतो, त्याला हाकलायचं नाही. मिस्टर म्हणतात, साप सापडेपर्यंत मुलांना आजोळी नेऊन ठेव. कात सोबत पाठवते आहे. हा साप कुठला? आणि तो घरात आहे का? (एक गृहिणी, धायरी)

उत्तर : ताई, तुम्ही कात वर्तमानपत्रात गुंडाळून मिठाईच्या खोक्यात घालून पाठवलीत, हे फार बरं केलंत. बहुतेक लोक प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबतात. मग आत घाम धरतो, डोक्याचा भाग चिकटून त्याचा गोळा होतो आणि सापाची ओळख सांगणारी सगळ्यात महत्त्वाची खूण जाते.

तुमच्या कातीचं डोकं मी कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवलं आणि काळ्या कागदावर पसरलं. लांबी भरली सहा फूट चार इंच. पण साप एवढा मोठा नाही, हे आधी मिस्टरांना सांगा. सापाचे खवले एकमेकांवर कौलांसारखे बसलेले असतात आणि दोन खवल्यांमध्ये त्वचेची घडी असते. कात उतरताना त्या घड्या उलगडतात, त्यामुळे कात नेहमी सापापेक्षा लांब भरते. तुमचा पाहुणा साडेपाच फुटांच्या आत-बाहेर असावा.

आता तो कोण, ते पाहू. कातीच्या डोक्यावर दोन्ही बाजूंना एकेक गोल, पारदर्शक टिकली दिसते. ते डोळ्यावरचं आवरण. सापाला पापण्या नसतात, पापणीच्या जागी काचेसारखा एक खवला असतो आणि तोही कातीबरोबर निघतो. तुमच्या कातीतल्या टिकल्या चांगल्या मोठ्या आहेत. मग मी नाकपुडी आणि डोळा यांच्या मधली जागा पाहिली. तिथे दोन-तीन लहान खवले आहेत. नागाला त्या जागी वेगळा खवला नसतोच, नाकाजवळचा खवला थेट डोळ्यापुढच्या खवल्याला भिडतो. मण्यारीचंही तसंच. पुढे अंगाच्या मध्यावर पाठीवरच्या खवल्यांच्या ओळी मोजल्या, त्या सतरा. नागाला तिथे बहुधा वीसच्या वर भरतात. शेवटी पोटाचे आडवे पट्टे संपतात तिथला, शेपटीच्या मुळाशी असलेला खवला भिंगाखाली धरला. नागाचा तो अखंड असतो. तुमच्या कातीतला मधोमध दुभागलेला आहे. वरच्या ओठाच्या खवल्यांना राखाडी कडाही दिसतात. ताई, ही धामण आहे. बिनविषारी.

आकार मोठा, अंग चपळ, डिवचली की मान फुगवून फूत्कारते, म्हणून धामणीला लोक नेहमी नाग समजतात. सासूबाईंची चूक म्हणण्यासारखी नाही. राखण म्हणाल, तर धामणीचं मुख्य खाणं उंदीर आणि बेडूक, तेव्हा तांदळाच्या पिंपाची राखण ती करतेच.

राहिला घरात असण्याचा प्रश्न. तुम्ही पत्राच्या मागे अंगणाचा नकाशा काढून दिलात, त्यात उत्तर आहे. कातीचं तोंड मोरीच्या बाजूला होतं आणि शेपूट लिंबाच्या झाडाकडे. लोकांना वाटतं, तोंड जिकडे तिकडे साप गेला. होतं उलट. कात पायातल्या मोज्यासारखी उलटी होत निघते. तोंडाशी सुटते, जिथे सुटते तिथेच अडकून राहते, साप तिच्यातून पुढे सरकत जातो आणि शेपटीचं टोक सगळ्यात शेवटी मोकळं होतं. म्हणून कातीची शेपूट जिकडे, तिकडे साप गेला. तुमची धामण मोरीपाशी सुरू झाली आणि लिंबाकडे गेली. लिंबापलीकडे मोकळा प्लॉट आहे, असं तुम्हीच लिहिलंय. ती घरात गेली नाही.

सकाळी कात हाताला ओल्या मलमलीसारखी लागली, असंही लिहिलंत. म्हणजे ती त्याच पहाटेची. ऊन लागलं की कात तासाभरात कुरकुरीत होते. ताजी असताना जागा पाहून घेतलीत, त्यामुळे मला एवढं खात्रीने सांगता येतंय.

मुलांना आजोळी न्यायची गरज नाही. मोरीच्या तोंडाला बारीक जाळी बसवा, मागच्या दाराखालची फट रबरी पट्टीने बुजवा आणि धुण्याच्या दगडामागे रचलेल्या जुन्या विटा हलवा. विटांमध्ये उंदीर राहतात आणि सापाला अंग घासायला खरखरीत कोपराही तिथेच मिळतो. कधी साप खरोखर खोलीत दिसला, तर खोलीचं दार लावा, फटीत टॉवेल कोंबा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. आणखी एक : डोकं फाटलेल्या किंवा तुकड्या-तुकड्यांच्या कातीवरून कुणी ‘बिनविषारीच आहे’ म्हणालं, तर विश्वास ठेवू नका. मीही अशा कातीवर बोलत नाही.

प्रश्न : सापाला कात टाकताना दुखतं का? आणि आता कात टाकायची, हे त्याला कसं कळतं? आमच्या बाई म्हणाल्या, साप मोठा होतो आणि कातडी लहान पडते. मग आपली कातडी लहान का पडत नाही? (इयत्ता सहावी, सहकारनगर)

उत्तर : बाळा, तुझा शेवटचा प्रश्न मला फार आवडला, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

आपली कातडीही जुनी होते आणि गळते. फक्त ती रोज, पिठासारखी गळते. आंघोळीला अंग चोळल्यावर मळाबरोबर जे निघतं, त्यात मेलेल्या कातडीच्या बारीक कपच्या असतात. साधारण महिनाभरात आपली वरची कातडी अशी नवी होऊन जाते आणि आपल्याला पत्ता लागत नाही. सापाचं काम वेगळ्या पद्धतीने चालतं. त्याच्या अंगावरचे खवले म्हणजे माशासारखे चिकटवलेले तुकडे नव्हेत. सगळी मिळून एकच सलग कातडी आहे आणि तिच्या घड्या म्हणजे खवले. त्यामुळे ती बदलायची तर एकदम, डोक्यापासून शेपटीपर्यंत.

त्या कातडीच्या अगदी तळाशी जिवंत पेशींचा एक थर असतो. एरवी तो शांत असतो. वेळ आली की त्या पेशी भराभर वाढायला लागतात आणि जुन्या कातडीच्या खाली पूर्ण नवी कातडी तयार करतात, खवल्यांसकट. काही दिवस सापाच्या अंगावर दोन कातड्या असतात, एकावर एक. त्यांची एकमेकींना भिडलेली पृष्ठं सूक्ष्मदर्शकाखाली दातेरी दिसतात, बॅगेची चेन लावल्यासारखी एकमेकांत बसलेली. नंतर या दोन थरांमध्ये पातळ द्रव झिरपतो, पेशींची पकड विरघळते आणि चेन सुटते. हे कधी सुरू करायचं, ते सापाच्या शरीरातली संप्रेरकं ठरवतात. त्यात हृदयाजवळच्या थायरॉइड ग्रंथीचा मोठा वाटा असतो. पोट भरलेलं आहे का, ऊब आहे का, जखम झाली आहे का, यावरही वेळ पुढे-मागे होते. आपले दुधाचे दात पडायचे तेव्हा पडतात, तसंच हे.

बाईंचं म्हणणं खरं आहे, पण ते अर्धं कारण झालं. पूर्ण वाढलेला साप फारसा लांबत नाही, तरी कात टाकतोच. कारण कातडी झिजते. जन्मभर पोटावर चालणारा प्राणी तो, दगड, काटे, सिमेंट यांवरून सरपटून त्याच्या पोटाचे खवले रखरखीत होतात. अंगावर गोचिड्या बसतात, ओरखडे उठतात. कातीबरोबर बऱ्याच गोचिड्या निघून जातात. शिवाय सापाची कातडी शरीरातलं पाणी आत धरून ठेवते. ती फाटकी झाली, तर साप उन्हात सुकेल. एक गंमत लक्षात ठेव : साप कितीही वाढला तरी खवल्यांची संख्या वाढत नाही. जन्मताना जितके तितकेच मरेपर्यंत. प्रत्येक कातीनंतर ते थोडे मोठे होतात, इतकंच.

आता दुखण्याबद्दल. हे मी एकदा शेजारी बसून पाहिलंय, ते सांगते. २०१६ सालच्या ऑगस्टमध्ये कोथरूडच्या एका बागेतल्या नायलॉनच्या जाळीत साडेतीन फुटांचा नाग अडकला होता. जाळी मानेखाली रुतून जखम झाली होती. वनविभागाच्या परवानगीने त्याला उपचार केंद्रात ठेवलं होतं आणि रोजची नोंद ठेवायचं काम माझ्याकडे होतं. ती वही अजून आहे.

पहिल्या दिवशी लिहिलंय : ‘गव्हाळ रंगावर धूळ बसल्यासारखी.’ तिसऱ्या दिवशी पोट दुधी दिसू लागलं आणि ठेवलेला उंदीर त्याने खाल्ला नाही. चौथ्या दिवशी डोळे निळसर-पांढरे झाले, ताकात निळीचा थेंब पडावा तसे. मघाशी सांगितलेला द्रव डोळ्यावरच्या काचेखालीही साचतो, त्यामुळे सापाला धूसर दिसतं. त्या दिवसांत मी पेटीसमोरून नुसती गेले, तरी तो सावलीवर फणा काढून फूत्कारायचा. पाण्याच्या परळात वेटोळं घालून तासन्तास बसायचा. आठव्या दिवशी डोळे पुन्हा स्वच्छ काळे झाले. मी चुकून लिहिलंय : ‘बरा वाटतो, कात टाकणार नाही बहुतेक.’ खरं म्हणजे तीच शेवटची पायरी असते. द्रव शोषला गेला की डोळे स्वच्छ होतात आणि त्यानंतर दोन-चार दिवसांत कात उतरते.

अकराव्या दिवशी पहाटे पावणेसहाला त्याने पेटीतल्या काळ्या दगडावर नाकाचं टोक घासायला सुरुवात केली. आधी वरचा ओठ, मग खालचा. जबडा दोन-तीनदा मोठा उघडला. ओठाच्या कडेला कात सुटली आणि टोपी मागे सरकावी तशी कपाळावरून मागे गेली. डोळ्यांवरच्या दोन काचा तिच्याबरोबर निघाल्या आणि खालून जे डोळे दिसले, ते नव्या गोटीसारखे लकाकत होते. मग त्याने मान दोन दगडांच्या फटीत घातली आणि पुढे सरकत राहिला. अंगातून लाटा जाव्यात, तशा बरगड्या हलत होत्या. आवाज पतंगाच्या कागदाचा. जिथे जाळीची जखम होती, तिथे कात अडकली, तो थांबला, मागे सरकला, पुन्हा घासलं आणि तिथे भोक पडून ती सुटली. सगळ्याला पंचवीस मिनिटं लागली. निघाला तो इतका चकचकीत, की रंगाचं पोतं नुकतंच फोडलंय असं वाटावं.

दुखत असेल असं त्याच्याकडे बघून वाटलं नाही. जी कात निघते, तिच्यात रक्त नसतं आणि संवेदनाही नसते, आपल्या वाढलेल्या नखासारखी ती मेलेली असते. रंग बराचसा आतल्या कातडीत राहतो, म्हणून काळ्या सापाचीही कात पांढुरकी दिसते. तो नाग पुढच्या दोन काती टाकेपर्यंत तिथेच होता. दुसऱ्या कातीनंतर मानेवरचा व्रण सुतासारखा बारीक झाला आणि त्याला सोडून दिला.

प्रश्न : आमच्या वाड्यात एका जुन्या पेटीत वडिलांनी ठेवलेली कात सापडली. लक्ष्मी राहते म्हणून ते ठेवत. हल्ली एक जण अशा काती ‘नागमोक्षा’च्या नावाने विकायला येतो. घ्यावी का? जुन्या वैद्यकात कातीचा उपयोग सांगतात, तो खरा का? (निवृत्त कारकून, सदाशिव पेठ)

उत्तर : काका, विकत अजिबात घेऊ नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली साप संरक्षित आहेत आणि त्यांच्या अवयवांचा व्यापार चालत नाही. या विक्रेत्यांकडच्या काती पडलेल्या मिळतात, असंही समजू नका. मी अशा टोपल्यांमध्ये दात काढलेले, तोंड शिवलेले साप पाहिले आहेत. तुम्ही एक कात घेतलीत की त्या टोपलीत आणखी एक साप येतो.

वडिलांनी जपलेल्या कातीबद्दल मात्र मला राग नाही. कात टाकून नवा होणारा जीव म्हणून आपल्या लोकांनी सापाला अमर मानलं, त्यातून ती श्रद्धा आली. संस्कृतात कातीला ‘निर्मोक’ म्हणतात, सुटून गेलेलं. ती पेटीत राहू द्या, कुणाला त्रास होत नाही. विष डोक्यातल्या ग्रंथींमध्ये असतं, कातीत नसतं. हात लागला तर साबणाने धुवावेत, बस. औषध म्हणून पोटात घ्यायची किंवा जखमेवर लावायची गोष्ट मात्र डोक्यातून काढून टाका. औषधशास्त्रात कातीचा उपयोग आहे, पण वेगळा : मलमातलं किंवा पट्टीतलं औषध कातडीतून किती झिरपतं, हे तपासण्यासाठी प्रयोगशाळेत माणसाच्या कातडीच्या जागी कात ताणून बसवतात.

आणि ती लक्ष्मीची कात कुणाला खरोखर हवीशी वाटते म्हणाल, तर साळुंकीला. तळजाईच्या टेकडीवर एका पडक्या दगडी भिंतीच्या भोकात साळुंकीचं घरटं होतं, त्यात काड्या, दोरा, चॉकलेटचा कागद आणि हातभर कात अशी बिछायत होती.

प्रश्न : कातीवरून सापाचं वय कळतं का? वर्षातून किती वेळा टाकतो? पाल, विंचू हेही टाकतात ना? (बावधन)

उत्तर : वय कळत नाही. पिल्लू जन्मल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच पहिली कात टाकतं आणि पुढे भराभर वाढतं, तेव्हा महिन्याला एक कातही पडते. मोठा साप वर्षातून दोन-चारदा. खाणं भरपूर आणि ऊब असली की जास्त, नसली की कमी. अमेरिकेतल्या खुळखुळ्या सापाच्या शेपटीत दर कातीला एक कडी वाढते, म्हणून लोक त्या कड्यांवरून वर्षं मोजतात. तेही चूक. वर्षाला दोन-तीन कड्या वाढू शकतात आणि जुन्या तुटूनही जातात.

पाल तुकड्या-तुकड्यांनी कात टाकते आणि बहुधा खाऊन टाकते, म्हणून घरात एवढ्या पाली असून कुणाला त्यांची कात सापडत नाही. विंचू आणि झुरळ यांचं प्रकरण वेगळं. त्यांचा सांगाडा अंगाबाहेर असतो, तो कडक कवचासकट सोडावा लागतो आणि नवं कवच टणक होईपर्यंत ते मऊ, असहाय असतात. सापाला तेवढा धोका नसतो. पावसाळ्यात गॅलरीच्या कोपऱ्यात वीतभर, दोऱ्यासारखी कात दिसली तर घाबरू नका. ती बहुधा नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाची, नाहीतर कवड्या किंवा वाळा अशा छोट्या सापाची असते. पण हाताने उचलण्याआधी तो कोपरा टॉर्चने पाहून घ्या.

प्रश्न : थेऊरला आमचा ऊस आहे. बांधालगत, पाटाच्या कडेला एक जाड साप तीन दिवस जागचा हलत नाही. डोळे निळे-पांढरे झालेत. अंगावर साखळीसारखे पट्टे आहेत, पण फिके. जवळ गेलं की कुकरसारखा आवाज काढतो. गडी म्हणतात म्हातारा अजगर आहे, आंधळा झालाय, आणि कात टाकताना सापाला विष नसतं. मानेजवळ कातडी सुटल्यासारखी दिसते. काठीने ओढून काढून टाकावी का? (एक शेतकरी)

उत्तर : दादा, हे पत्र मिळताच मी तुम्हाला पोस्टकार्ड टाकलं होतं, पण इथे सविस्तर लिहिते, कारण ही चूक जीवघेणी आहे.

तो अजगर नाही. साखळीसारखे डाग आणि कुकरसारखा फूत्कार, म्हणजे घोणस. एरवीही घोणशीला लोक अजगराचं पिल्लू समजतात. त्यात कात टाकायला आलेल्या सापाचे रंग आणि डाग दोन थरांखाली फिके पडतात, मग ओळखणं आणखी चुकतं. डोळे निळे झालेत ते कातीमुळे. म्हातारपण नाही, आंधळेपणही नाही. त्याला धूसर दिसतं, म्हणून तो पळत नाही, आणि म्हणूनच कुणी जवळ आलं की आधी चावतो. कातीचा विषाशी काही संबंध नाही. विषग्रंथी जशा होत्या तशाच भरलेल्या असतात. त्या पट्ट्यातला ऊस आठ-दहा दिवस तोडू नका, गड्यांना पाटाच्या त्या बाजूने जाऊ देऊ नका, रात्री पाणी द्यायला जाताना गमबूट आणि बॅटरी सोडू नका. दुर्दैवाने कुणाला चावलाच, तर चिरा मारू नका, दोरी आवळू नका. चावलेला अवयव हलू न देता १०८ला फोन करून थेट प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारींवर आपल्याकडचं प्रतिविष चालतं.

आता काठीने ओढण्याबद्दल. मी हे एकदा केलं आहे. १९९८ सालच्या मे महिन्यात मुठा कालव्याच्या भरावावर एक धामण सापडली होती. कात मानेपर्यंत निघाली होती, फक्त एका डोळ्यापाशी अडकून राहिली होती, हवा रखरखीत कोरडी होती. साप पकडायला लागून मला वर्षच झालं होतं. बिचारी कधीची ओढतेय, आपण सोडवू, असं वाटलं. बोटांच्या चिमटीत धरून मी ती कात मागे ओढली. दोन वीत सहज आली, मग जोर लागला, आणि डोळ्याजवळ जे निघालं ते फक्त कात नव्हतं. खालची नवी, अजून न जमलेली कातडीही तिच्याबरोबर सोलली गेली. डोळ्याच्या कडेला रक्त आलं. मी तिला घरी आणलं, हळद लावली, तेव्हा मला तेवढंच कळत होतं. डोळा पिकला. नवव्या दिवशी ती गेली. तिची ती अर्धी कात माझ्या पेटीत सगळ्यात खाली आहे, आणि नवीन शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी आधी ती दाखवते.

कात अडकते ती बहुतेक वेळा हवा कोरडी असल्यामुळे आणि अंगातलं पाणी कमी पडल्यामुळे. उपचार केंद्रात आम्ही अशा सापाला ओल्या सुती पिशवीत किंवा उथळ पाण्यात तासभर ठेवतो आणि बाकीचं त्याच्यावर सोडतो. तुमच्या सापाने ते स्वतःच केलंय. पाटाची कड त्याने ओलाव्यासाठी निवडली आहे, घासायला शेजारी बांधाचे दगड आहेत. त्याला त्या दगडांपाशी चार-पाच दिवस मिळाले पाहिजेत.

हे पान छापायला जाण्याआधी तुमचं दुसरं पत्रही आलं. सातव्या दिवशी साप दिसला नाही, दगडांमध्ये अखंड कात पडली होती, गड्यांनी लांबूनच पाहिली आणि मुलाने तिचा फोटो काढला. फोटो मी भिंगाखाली पाहिला. डोक्यावर मोठे खवले नाहीत, बारीक आणि मधोमध उभी धार असलेले आहेत. घोणसच. तोंड बांधाकडे आहे आणि शेपूट उसाकडे, म्हणजे ती अजून फडात आहे, आता डोळे स्वच्छ आहेत आणि भूक लागलेली आहे. तोडणीच्या टोळीला हे आदल्या दिवशीच सांगा. आणि पहिली सरी तोडायच्या आधी लांब काठीने पाचट हलवून घ्यायला लावा.